लागता लागता राहिलेलं

"आई, तेवढा वरचा डबा काढून देता?" सून म्हणाली, आणि सासूबाईंनी, ज्यांना बाहेर सगळे मावशी म्हणतात, हातातला कप ओट्यावर ठेवला, कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, त्यावर चढल्या आणि साखरेचा डबा काढून दिलाही. स्टुलाचा एक पाय जरा अधू होता. वर गेल्यावर ते डुगडुगलं, मावशींच्या छातीत लक्कन हललं, फळीची कड हाताला लागली म्हणून बरं, नाहीतर सकाळी सकाळी ओट्यावर डोकं आपटून घेतलं असतं. मग सगळं जागच्या जागी आलं. सुनेने डबा डाव्या हाताने घेतला, पोटाशी धरला, झाकण उघडलं, चहात साखर घातली. सगळं नेहमीसारखंच. स्टूल परत कोपऱ्यात सरकवताना मावशींच्या ध्यानात आलं की सून आपल्याहून चांगली वीतभर उंच आहे. त्या फळीवरचं काही काढायचं असलं की या घरात एकच हाक जायची, आणि ती सुनेला. ती येता येता, बोलता बोलता, टाचासुद्धा न उचलता डबा खाली घ्यायची आणि वर म्हणायची, "अजून काही आकाशातलं हवंय?" आज तिने हात वर केलाच नव्हता. केसही तिने बांधले नव्हते, नुसते मागे टाकले होते. केस बांधायला दोन्ही हात मानेमागे न्यावे लागतात.

मावशींनी काही विचारलं नाही. तोंडापर्यंत आलेलं त्यांनी चहाबरोबर गिळलं. कारण तसं ठरलेलं होतं. सून लग्न होऊन आली आणि काही महिन्यांतच मावशींच्या मागोमाग नदीवरच्या क्लबात वल्हं मारायला येऊ लागली, तेव्हा दोघींनी याच ओट्याशी उभ्या राहून ठरवलं होतं की पाण्यावरचं पाण्यावर आणि घरातलं घरात. कुठे दुखतंय, काय लागलंय, हे घरात विचारलं की ती सासूची चौकशी होते. तोच प्रश्न होड्यांच्या शेडमध्ये विचारला की तो सगळ्यांचा होतो, आणि त्याचं उत्तर द्यायला कुणाला कमीपणा वाटत नाही. मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षातले बरेच महिने समुद्रावर. घरात या दोघी आणि मावशींचा नवरा. तेव्हा असले नियम लागतातच, नाहीतर भांड्याला भांडं लागायला कितीसा वेळ. तेवढ्यात नवरा पेपरातून मान न काढता म्हणाला, "काही करपत नाही ना?" त्याला वास येत नाही. गेली कित्येक वर्षं तो दिवसातून चारदा हे विचारतो आणि घरातलं कुणीतरी "नाही" म्हणतं. आज दोघीही एकदम "नाही" म्हणाल्या. सुनेने मावशींकडे पाहिलं आणि नजर वळवून साखरेच्या डब्याचं झाकण लावलं. डबा मात्र खालीच राहिला, ओट्यावर.

ऑफिसला जाताना मावशी पुलावरून चालत जातात. खाली नदी, पलीकडच्या वळणावर क्लबची पत्र्याची शेड, तिच्यापुढे उपड्या ठेवलेल्या एकट्याच्या होड्या आणि मधोमध ती लांब नाव, जिच्यात माणसं जोडीजोडीने बसतात, पुढे त्यांच्याकडे तोंड करून ढोलवाला ताल देतो आणि मागे एकजण सुकाणू धरतो. सुनेची जागा पहिल्या बाकावर. पहिल्या बाकाचं वल्हं जसं पडेल तशी मागची सगळी वल्ही पडतात; तिथे कोच कुणालाही बसवत नाही. रविवारी शर्यत होती. उजवा खांदा, मावशींनी मनात म्हटलं. उजव्या बाजूला बसणारीचा उजवा खांदा. वल्हं पाण्यात रोवायचं तर खालचा हात खांद्यातून पार पुढे फेकावा लागतो, सगळी ओढ त्याच खांद्यावर येते, आणि जिला साखरेचा डबा काढता येत नाही ती हे शर्यतभर करणार म्हणजे काय करणार? दात आवळून करणार. करेलही, तशी आहे ती. आणि मग एखाद्या ओढीला आत जे काही तटतटून धरून राहिलं असेल ते तुटेल, आणि मग डबा कायमचाच खाली. पण याहूनही एक गोष्ट मावशींना टोचत होती आणि तिच्याकडे बघायचं त्या टाळत होत्या. काल संध्याकाळी सराव संपल्यावर त्यांनी शेडमध्ये रोजच्यासारखं विचारलं होतं आणि सुनेने सगळ्यांदेखत, सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं होतं, "काही नाही."

पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातल्या तक्रार कक्षात मावशींचं आयुष्य गेलं. फोन उचलायचा आणि म्हणायचं, "हां, बोला." मग पलीकडचा बोलतो. कुणाचा पाइप फुटलेला, कुणाच्या नळाला गढूळ पाणी, कुणाला नुसतंच भांडायचं असतं. आज पहिला फोन उचलताना त्यांच्या तोंडून शब्द उमटेना, पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो" करत राहिला, आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईने "काय हो, आज तुमचीच तक्रार लिहून घेऊ का?" असं विचारलं. मावशी हसल्या. त्यांना मध्येच कधीतरी येऊन गेलेले एक साहेब आठवले. त्या साहेबांना तक्रारींचे आकडे कमी हवे होते. त्यांनी एक युक्ती काढली: फोनच कमी उचलायचे. त्या वर्षी आकडा असा खाली आला की साहेबांचा सत्कार झाला, आणि सत्काराच्या दिवशी एका पेठेतला रस्ता खचून त्यात एक टेम्पो अर्धा आत गेला. खालून पाइप कधीपासून गळत होता. त्या गल्लीतून बरेच दिवस एकही फोन आला नव्हता, म्हणजे लोकांनी करून करून सोडून दिला होता. तेव्हापासून मावशींना ज्या गल्लीतून फोन येतात तिची काळजी वाटत नाही. न येणाऱ्या गल्लीची वाटते. तक्रार म्हणजे काय, कुठेतरी पाणी वाया जातंय आणि ते पाहून कुणालातरी राहवलं नाही, एवढंच. हे त्या नव्या पोरींना नेहमी सांगायच्या आणि सांगताना त्यांचा आवाज जरा चढायचा. आपलं काम बारीक आहे पण फालतू नाही, असा तो आवाज असायचा.

आणि हे सगळं कळायला साहेबांचा रस्ता खचायची गरज नव्हती, त्याच्याही आधी घरातच घडलेलं होतं. नवरा तेव्हा छापखान्यात होता आणि सुट्टीच्या दिवशी एकट्याची होडी घेऊन नदीत जायचा. शाईचा वास हातांना आणि नदीचा केसांना, असा तो दोन वासांचा माणूस होता. एके सकाळी जुन्या पुलाच्या पडक्या खांबाशी होडी उलटली. पाणी चढलेलं होतं, खांबाचा बुंधा पाण्याखाली दिसत नव्हता, डोकं त्याच्यावर आपटलं. वर आला, होडी सरळ केली, काठाला आला, लोकांनी विचारलं, हा म्हणाला, "काही नाही." घरी आला, जेवला, मावशींनी कपाळावरचं टेंगूळ पाहून विचारलं, हा म्हणाला, "काही नाही गं." दुपारी झोपला तो हाका मारून उठेना. दवाखान्यातले दिवस मावशींना आता नीटसे आठवत नाहीत, फक्त तिथल्या फरशीचे चौकोन आठवतात. माणूस वाचला, बोलू लागला, चालू लागला, त्यांच्यावर पूर्वीसारखा ओरडूही लागला, आणि एका सकाळी दुधाचं पातेलं जळून कोळसा झालं तरी शेजारी बसून पेपर वाचत राहिला, तेव्हा कळलं की वास गेला. शाईचा गेला, नदीचा गेला, मावशींच्या केसांचाही गेला. हे शेवटचं त्याने एकदाच बोलून दाखवलं होतं आणि मग कधीच नाही.

पण मावशींना मुळापासून हलवलं ते वेगळ्याच गोष्टीने. तो घरी आल्यावर त्याची होडी बघायला म्हणून त्या शेडमध्ये गेल्या होत्या. होडीच्या पुढच्या बाजूला खांबाला घासल्याचा लांब चरा होता. आणि शेजारच्या फळीवर दुसरी एक होडी होती, तिला अगदी तिथेच, तसाच चरा. जुना, कडा मळलेल्या. ती होडी होती एका गाडी शिकवणाऱ्याची. त्याला विचारलं तर तो आधी लालबुंद झाला, मग म्हणाला, "वहिनी, मी पण तिथे घासलो होतो हो. आदल्याच आठवड्यात. पण लागलं काहीच नाही, मग काय सांगायचं? लोक हसले असते. दुसऱ्यांना गाडी शिकवतो आणि स्वतः खांबाला धडकतो." मावशींना त्याचा राग आला नाही. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याला लोकांच्या हसण्याची भीती वाटली, एवढ्यावरून त्यांच्या घरातला वास गेला होता. त्याने आदल्या आठवड्यात नुसतं हसून का होईना सांगितलं असतं की तिथे पाण्याखाली काहीतरी आहे, तर कुणीतरी तिथे एक रिकामा डबा दोरीला बांधून तरंगत ठेवला असता, आणि एवढ्याने भागलं असतं. त्याच संध्याकाळी मावशी सराव संपायच्या वेळी शेडच्या दारात उभ्या राहिल्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागल्या, "काय लागलं? आणि काय लागता लागता राहिलं?"

लोकांना ती आधी नवऱ्याच्या आजारपणाने डोक्यावर परिणाम झालेली बाई वाटली. मग सवय झाली. मग गंमत वाटू लागली. कोचने कुठल्यातरी शाळेतला जुना फळा आणून भिंतीवर टांगला, तोही इतका उंच की मावशींचा हात निम्म्याच्या जरा वर पोचायचा आणि वरचा पट्टा कायम तसाच राहायचा. मावशी स्वतः वल्हं शिकल्या, कारण काठावर उभ्या राहून विचारणाऱ्याला कोणी खरं सांगत नाही. हळूहळू रीतच पडली. नाव वर घ्यायची, वल्ही भिंतीला लावायची आणि घरी जायच्या आधी फळ्यासमोर उभं राहून ज्याने त्याने आपापलं सांगायचं. दुसऱ्याचं सांगायचं नाही, हा एकच नियम. दुसऱ्याचं सांगितलं की ती चुगली. आपलं सांगितलं की ती नोंद. तळव्याला फोड. बरगडी नावेच्या काठाला घासली. पायरी शेवाळली आहे, मी घसरता घसरता राहिलो. उतरताना दोरीत पाय अडकला, पडले नाही. सगळ्या क्लबांच्या संघटनेला वर्षअखेरीस हंगामातल्या नोंदींचा आकडा द्यायचा असायचा आणि त्यात मावशींचा क्लब दरवर्षी सगळ्यात वर, म्हणजे सगळ्यात वाईट. बाकीच्या क्लबांतले लोक चिडवायचे, तुमचा क्लब आहे का दवाखाना. मावशी म्हणायच्या, "आमच्याकडे तोंडं आहेत. तुमच्याकडे नुसते हात." आणि ते खरंही होतं. शेवाळलेली पायरी खरवडली जायची, दोरी गुंडाळून खुंटीला जायची, पडक्या खांबाशी आता लाल डबा तरंगत असायचा. इतक्या वर्षांत क्लबातलं एकही माणूस पुन्हा दवाखान्याच्या फरशीचे चौकोन मोजत बसलं नव्हतं. हे मावशी कुणाला बोलून दाखवत नसत, पण पुलावरून चालताना तो लाल डबा दिसला की त्यांची चाल जरा ऐटीत व्हायची.

सुनेचा पहिला दिवस त्यांना आता फोनवरची तक्रार लिहून घेतानासुद्धा दिसत होता. नवी कोरी सून, सासूच्या पुढच्या बाकावर बसलेली. मागे बसलेल्या मावशींचा ताल चुकला आणि त्यांचं वल्हं सुनेच्या बोटांवर असं बसलं की नख काळंनिळं. शेडमध्ये आल्यावर सगळे श्वास रोखून उभे. ही काय बोलणार? सून म्हणाली, "उजव्या हाताची दोन बोटं. सासूबाईंचं वल्हं बसलं. त्यांचं लक्ष पलीकडच्या काठावर होतं." सगळी शेड हसली, ढोलवाल्याने ढोलावर थाप मारली, आणि मावशींनी खडू घेऊन स्वतःच्या हाताने फळ्यावर लिहिलं: बोटं, सासूचं वल्हं, लक्ष नव्हतं. लिहिताना त्यांना इतका अभिमान वाटला होता की अक्षर वाकडं आलं. मुलगा शाळेत पहिला आला तेव्हाही तसं वाटलं नव्हतं. घरी आल्यावर दोघी त्याबद्दल अक्षरही बोलल्या नाहीत, मावशींनी फक्त बर्फाचं फडकं आणून दिलं. ती मुलगी काल म्हणाली, काही नाही.

आणि काल एकटी तीच म्हणाली होती का? दुपारी डबा उघडून बसल्यावर मावशींनी जी गोष्ट सकाळपासून दूर लोटली होती ती समोर येऊन बसली. हा हंगाम सुरू झाल्यापासून फळा कोरा होत गेला होता. आधी नोंदी विरळ झाल्या, मग लागल्याच्या थांबल्या, मग लागता लागता राहिल्याच्याही. रोज प्रश्न विचारायचा, रोज गोल फिरून उत्तर यायचं, काही नाही, काही नाही, काही नाही, आणि सगळे हसत हसत घरी. आणि मावशींना काय वाटलं होतं? त्यांना बरं वाटलं होतं. हे कबूल करताना त्यांचा घास हातातच राहिला. या हंगामानंतर त्या खडू खाली ठेवणार होत्या, गुडघे आता पायऱ्या मोजायला लागले होते. आणि जाता जाता कोरा फळा बघून त्यांना वाटलं होतं की झालं, आपलं काम फळाला आलं, आता कुणाला काही लागतच नाही. परवा संघटनेच्या सेक्रेटरीचा फोनही आला होता, "मावशी, यंदा सुरक्षेची ढाल तुमच्याकडे येणार असं दिसतंय. सगळ्यात कमी नोंदी." त्या फोनवर त्या हसल्या होत्या आणि पुलावरून ऐटीत चालल्या होत्या. इतकी माणसं, इतकी वल्ही, ओल्या पायऱ्या, आणि आठवड्यानुआठवडे कुणाच्या तळव्याला साधा फोड नाही? ज्या गल्लीतून फोन येत नाही ती गल्ली त्यांच्या स्वतःच्या शेडमध्ये होती, आणि त्यांनी त्या साहेबांसारखाच सत्कार करून घ्यायची तयारी चालवली होती. त्यांनी डबा झाकला आणि फोन उचलला, "हां, बोला."

संध्याकाळी त्या नावेत बसल्या नाहीत. गुडघ्याचं निमित्त सांगून काठावर उभ्या राहिल्या आणि ज्यांना इतकी वर्षं कानांनी ऐकलं त्यांना आज डोळ्यांनी ऐकू लागल्या. नाव परत आली तशी माणसं उतरली, आणि मावशींना दिसायला लागलं. मधल्या बाकावरचा दंतवैद्य वल्हं उचलताना मनगट वाकवत नव्हता. गाडी शिकवणारा, तोच तो, आता केस पिकलेला, पायरी चढताना कठड्याला धरत होता आणि कुणी बघतंय का ते बघत होता. ढोलवाल्याच्या नडगीला पट्टी होती आणि पट्टीवर मोजा ओढलेला होता. सून नाव वर घेताना डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली, जिथे ती कधीच उभी राहत नसे, आणि कोच मुद्दाम तिच्या पुढे आला, मावशींच्या आणि तिच्या मध्ये. तेवढ्याने मावशींना कळलं की हे एकेकट्याचं लपवणं नाही, हे सगळ्यांनी मिळून केलेलं आहे. ते का केलं असेल, हे मात्र त्यांना उमजेना. राग यायला हवा होता. त्याऐवजी त्यांना नवऱ्याच्या कपाळावरचं ते टेंगूळ आठवलं.

वल्ही भिंतीला लागली. सगळे फळ्यासमोर उभे राहिले. "काय लागलं?" मावशींनी विचारलं. "आणि काय लागता लागता राहिलं?" काही नाही, दंतवैद्य म्हणाला. काही नाही, ढोलवाला म्हणाला. काही नाही मावशी, आज अगदी मजेत, गाडी शिकवणारा म्हणाला. फेरी पुढे सरकत सुनेपाशी आली. तिने मान वर केली, सकाळी डब्याचं झाकण लावताना पाहिलं होतं तसंच मावशींकडे पाहिलं, आणि म्हणाली, "काही नाही." मावशींच्या जिभेवर सगळं तयार होतं. खांदा, डबा, केस, डावा हात, एका वाक्यात सांगून मोकळं होता आलं असतं. पण ते दुसऱ्याचं होतं. दुसऱ्याचं सांगायचं नाही, हा नियम त्यांनीच केला होता, आणि त्यांना तो आजच्याइतका जाचक कधी वाटला नव्हता. खडू हातात फिरवत त्या उभ्या राहिल्या. मग त्यांना ते डुगडुगणारं स्टूल आठवलं.

"मग मी माझं सांगते," त्या म्हणाल्या. "आज सकाळी मी स्टुलावरून पडता पडता राहिले. स्वयंपाकघरात. वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढायला चढले होते. लागलं नाही, फळी हाताला आली." कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि थांबलं. मावशी कुणाकडेच बघत नव्हत्या, फळ्याकडे बघत होत्या. "माझ्याहून वीतभर उंच माणूस घरात असताना मला का चढावं लागलं, ते मात्र मला माहीत नाही. तेवढं सोडून लिहिते. आणि दुसरं. इतके दिवस हा फळा कोरा बघून मला बरं वाटत होतं. आज दुपारी जेवताना कळलं की ते बरं वाटणं बरं नव्हे. हेही लागता लागता राहिलेलंच धरा."

शेडमध्ये पाणी ठिबकण्याचा आवाज येत होता, नावेच्या बुडावरून, थेंब थेंब. मावशींनी मागे वळून पाहिलं नव्हतं तरी सून कुठे उभी आहे ते त्यांना पाठीला कळत होतं. ती बोलली नाही तर काय करायचं, हे त्यांनी ठरवलेलं नव्हतं. नियम मोडायचा? घरी जाऊन पाया पडायचं? की रविवारी काठावर उभं राहून बघत बसायचं?

"उजवा खांदा," सून म्हणाली. "मागच्या सरावात आत काहीतरी सरकल्यासारखं झालं. हात खांद्याच्या वर जात नाही. त्या कुशीवर झोपताही येत नाही." आणि मग घोगऱ्या आवाजात, "रविवारी मी बसणार नाही."

"अगं पण—" कोच म्हणाला. त्याच्या डोळ्यांपुढे पहिला बाक रिकामा दिसत असणार. मग त्याने मावशींच्या पाठीकडे पाहिलं, टोपी काढली आणि बाकावर बसला. "मावशी, चूक माझी आहे. तुम्ही हंगाम संपल्यावर जाणार म्हणालात ना, म्हणून आम्ही सगळ्यांनी ठरवलं. इतकी वर्षं तुम्ही दरसाल सगळ्यात वाईट आकडा घेऊन संघटनेत जाता आणि ते लोक हसतात. एकदा तरी ढाल तुमच्या हातात यावी. एका हंगामाचा तर प्रश्न होता. दुखलं तर दुखलं, कोणी मरत नाही, असं म्हटलं."

"तिचा खांदा तुला माहीत होता?"

"थोडंसं म्हणाली होती. मी म्हटलं, रविवारपर्यंत ओढ."

मावशी वळल्या. सगळे शाळेतल्या पोरांसारखे उभे होते, त्यातली निम्मी आजोबा-आजी झालेली. यांनी आपल्यासाठी दुखणी दाबून धरली. इतक्या वर्षांत जे शिकवलं ते सगळं, आपल्यालाच बक्षीस म्हणून द्यायला, मोडून गुंडाळून ठेवलं. रडावं का हसावं ते त्यांना कळेना आणि शेवटी हसू आलं, मोठ्याने, अंग गदगदून. "अरे लेकांनो," त्या म्हणाल्या, "एवढं काही द्यायचंच होतं तर एखादं घड्याळ द्यायचंत. ढाल घेऊन मी काय करू, त्यात पीठ चाळू?" मग हसता हसता त्यांचा आवाज फाटला. "माझ्या घरात एक 'काही नाही' येऊन गेलंय. तो माणूस मला दिवसातून चारदा विचारतो, करपत नाही ना. मला तुमच्यातलं कुणी तसं विचारायला लागलेलं नको आहे." गाडी शिकवणाऱ्याने नाक ओढलं आणि खिशात रुमाल शोधू लागला.

सून पुढे आली. तिने मावशींच्या हातातला खडू बघितला, मग फळा बघितला, खालपासून वरपर्यंत, आणि डाव्या हाताने कोपऱ्यातला लाकडी खोका ओढत आणून फळ्याखाली ठेवला. "आई, वरून सुरू करा," ती म्हणाली. "आज जागा पुरायची नाही."

"पडेन मी."

"मी धरते ना."

मावशी खोक्यावर चढल्या. इतक्या वर्षांत त्यांनी फळ्याचा वरचा पट्टा इतक्या जवळून पाहिला नव्हता. तिथे शाळेच्या काळातली एक अर्धवट पुसलेली बेरीज अजून होती. ती त्यांनी पदराने पुसली. खालून सुनेने डाव्या हाताने खोका धरला होता, उजवा हात पोटाशी जपून, आणि तिची मान मावशींच्या गुडघ्याशी आली होती, आता मावशी तिच्याहून उंच होत्या. ढाल पलीकडच्या काठावरच्या क्लबाला जाणार हे उघड होतं. तिथे फळा नाही. तिथल्या माणसांना काही लागत नसेल असं नाही; मावशींना त्यांची एकदम काळजी वाटली आणि तितकाच आपल्या माणसांचा अभिमान. छातीत काहीतरी असं भरून आलं की स्टूल डुगडुगल्यासारखं झालं, पण खोका पक्का होता. त्यांनी पहिली ओळ लिहिली: स्टूल, साखरेचा डबा. तिच्याखाली दुसरी: उजवा खांदा, पहिला बाक. अक्षर वाकडं आलं. मागे दंतवैद्य घसा खाकरत होता, कुणी मोजा उतरवत होतं, कुणी तळवा उलटा करून बघत होतं.

"हां," मावशी म्हणाल्या, "बोला."